साठ पावलांवरून किती बोटं

उजव्या डोळ्यावर तळहात दाबायचा, मान मागे टाकायची आणि वर हाक मारायची, “दाखव.”

आमच्या कप्तानाची आठवण निघाली की पहिला तो तळहात डोळ्यांपुढे येतो. मी माडाच्या शेंड्यावर, एका हाताने झावळीचा देठ धरलेला. तो खाली बावखलाच्या काठावर. बावखल म्हणजे आमच्या वसईकडच्या वाड्यांतलं तळं, केळींना पाणी द्यायला खणलेलं. काठावर एक चपटा दगड होता. तिथपासून माडाच्या बुंध्यापर्यंत त्याने स्वतः साठ पावलं मोजली होती. मी वरून बोटं दाखवायची, किती ते त्याने खालून सांगायचं. मग डावा डोळा झाकून पुन्हा तेच. जमलं तर मी “बरोबर” म्हणायचं, नाही जमलं तर “चूक”.

रस्त्याने जाणारे हसायचे. दोन घोडे वाढलेत, एक झाडावर आणि एक झाडाखाली, आणि बोटं कसली मोजताहेत. तुम्ही असता तर तुम्हीही हसला असता. पण तो खेळ नव्हता. तो माणूस विमान चालवायचा आणि ते त्याचे डोळे होते.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपून देश स्वतंत्र झाला त्या सुमाराची ही गोष्ट. कप्तान आमच्या उमेळ्याचाच, ख्रिस्ती घरचा. त्याची वाडी आणि आमचं घर यांच्यामध्ये एक कुंपण, तेही गुरांनी मोडलेलं. तो मिशनच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत गेला, मी तिसरीत पाटी ठेवली आणि बापाबरोबर माडावर चढायला लागलो. तो लढाईत विमान शिकून आला. मी तोवर उमेळ्यातले बहुतेक माड पालथे घातले होते. बाप थकल्यावर जमिनीपासून वर जाणारे गावात आम्ही दोघंच, असं मी त्याला म्हणायचो. तो म्हणायचा, “तू जास्त शहाणा. तू खाली यायची वाट हाताने धरून जातोस.”

लढाईनंतर गोऱ्यांनी विमानं भंगाराच्या भावात फुंकली. ज्याच्याकडे पैसा त्याने चार विमानं घेतली, रंग दिला आणि कंपनी काढली. अशाच एका कंपनीत हा होता. पहाटेच्या गाडीने सांताक्रूझला जायचा, कधी दुसऱ्या दिवशी यायचा, कधी चौथ्या. आला की पहिल्यांदा बूट काढून पायरीवर ठेवायचा आणि अनवाणी वाडीत फिरायचा. केळीला हात लाव, पानवेलीचा शेंडा बघ, असं तासभर. त्याची आई ओट्यावरून ओरडायची, “पानी पी आधी. झाडं कुठं पळून नाय जात.”

गावाला त्याचा पगार जाणून घ्यायचा होता. रविवारी मिस्सेची प्रार्थना सुटली की देवळाच्या (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) पायऱ्यांवर माणसं त्याला गाठायची आणि हवापाण्यावरून हळूच पगारावर यायची. त्याने आकडा कधी सांगितला नाही. एकच उत्तर ठरलेलं, “आज पुरतो. उद्याचं काय, गेटावर पाच जण उभे आहेत.”

हे त्याचं पालुपदच होतं. मी नारळ काढायला उशिरा आलो की म्हणायचा, “धर्मा, गेटावर पाच जण उभे आहेत.” मी म्हणायचो, “एकाला बोलाव ना. चढू दे त्याला.” तो नुसता हसायचा, कारण माझ्या धंद्याच्या गेटावर कुत्रंही उभं नव्हतं. लग्नासाठी मुली सांगून यायला लागल्या तेव्हा त्याची आई म्हणाली, “आता पोरींचे बाप पन गेटावर उभे आहेत, त्यांचं काय सांगू?” तो म्हणाला, “सांग, आधी डोळे तपासून यायचे.”

कंपनीचं ते गेट खरं होतं. मला त्याने एकदा नीट समजावलं. लढाईतून सुटून आलेले पायलट रिकामे फिरत होते. वर पैसेवाल्यांची मुलं क्लबात उडायला शिकलेली. सगळ्यांना विमानात बसायचं होतं. काही तर म्हणायचे, पगार राहू द्या, उडायला तर द्या. मालकाला हे ठाऊक होतं. कोणी पगाराचं बोललं की तो खिडकीतून गेटाकडे बघायचा, बस. बोलायची गरज नसायची.

“हौसेला पगार लागत नाय, धर्मा,” कप्तान म्हणाला. “मालक आमची हौसच पगारातून कापून घेतो.”

यावरून आमचा मोठा वाद झाला. तो बरीच वर्षं चालला आणि मी अजून हरलो असं मानत नाही.

त्या काळी मला एका माडामागे दोन नारळ मिळायचे. त्याने विचारलं, दोन का? मी म्हटलं, जीव जायचं काम आहे म्हणून. तो म्हणाला, नाही, अंड्यामुळे.

अंड्याचं सांगायला हवं. माझ्या बापाच्या हाताखाली जो चढायला शिकायचा त्याची शेवटी परीक्षा असायची. कमरेच्या फडक्यात कोंबडीचं कच्चं अंडं बांधायचं, गावातल्या सगळ्यात उंच माडावर चढायचं, एक घड कापायचा आणि उतरायचं. अंडं शाबूत तर तू तयार. फुटलं तर फडकं धू आणि पुढच्या वर्षी ये. बापाचं म्हणणं, घाबरलेला माणूस झाडाला पोट घासून चढतो. मी दुसऱ्या वर्षी पास झालो. हे मी कोणाला सांगत नाही, पण इथे खरं लिहायला बसलोय.

“तुझ्या बापाने अंडं ठेवलं म्हणून वाडीवाले विश्वासाने दोन नारळ देतात,” कप्तान म्हणाला. “उद्या अंडं बंद कर. कोणीही चढेल, एका नारळावर चढेल.”

“कोन चढेल? नाव सांग.” मी म्हटलं. “छाती सोलून घ्यायची हौस कोनाला आहे? कोनी येत नाय म्हनून दोन मिळतात. अंड्याचा काय संबंध?”

“माझ्याकडे सगळे येतात. मग माझा पगार कशावर टिकलाय?”

“तूच सांग.”

“परीक्षेवर. माझ्याकडे फक्त अंडंच आहे.”

ह्यावर मी म्हटलं की तुझं इंग्रजी शिक्षण तुला लखलाभ, आणि दुसऱ्या माडावर चढलो.

पुढे कंपनीत एक प्रकरण निघालं. कप्तानाच्या खुर्चीवर बसण्याआधी अमुक इतके तास उडालेलं असावं, असा त्यांचा नियम होता. मालकाने तो निम्म्यावर आणायचा बेत केला, म्हणजे गेटावरचे पाच आत घेता येतील आणि आतले महाग कमी करता येतील. सगळ्यांच्या वतीने बोलायला आमचा हाच उभा राहिला. मालक त्याला म्हणाला, तुम्ही सुरक्षेच्या नावाखाली स्वतःचा पगार सांभाळताय. दुसरा कोणी असता तर नाही नाही म्हणाला असता. हा म्हणाला, “हो, सांभाळतोय. पीठ बारीक चाळणीतून आलं म्हणून त्याला भाव आहे. भाकरीत खडा येत नाही, तो तुमचा फायदा.”

हे तो मला ओट्यावर बसून बुटांना पॉलिश करता करता सांगत होता. मी विचारलं, “मग?”

“मग काय. नियम राहिला. पण आता माझ्याकडे बघतात ते डोळे वेगळे आहेत. माझं काही चुकायची वाट बघताहेत.”

त्याला दर सहा महिन्यांनी डॉक्टरपुढे उभं राहावं लागायचं. कान, छाती, डोळे. पास झाला तर लायसनवर शिक्का, नाहीतर घरी. कान आणि छाती त्याची बैलासारखी होती. डोळ्यांचीच त्याला काळजी. म्हणून ती साठ पावलं आणि माझी बोटं.

त्या वर्षी पावसाळा सरल्यावर तो पहिल्यांदा चुकला. उजवा डोळा झाकून म्हणाला, “चार.” मी तीन दाखवली होती. मी म्हटलं, “चूक.” तो म्हणाला, पुन्हा. पुन्हा चुकला. डावा झाकला की अचूक सांगायचा. उजवा झाकला की अंदाज. खाली उतरलो तर तो त्या दगडावर बसलेला. चहा आला तो निवून साय धरली तरी हात लावला नाही. जाताना म्हणाला, “जागरण झालंय दोन दिवस.” मी म्हटलं, “तेच असेल.”

पुढच्या खेपेला उजव्यावर तळहात गेला आणि मी झावळीचा देठ घट्ट धरला. माडावर मला कधी भीती वाटली नाही, त्या दिवशी वाटली. मी दोन दाखवली. तो म्हणाला, “तीन.” मी तिसरं बोट उघडलं आणि ओरडलो, “बरोबर.”

पाहा, मी खोटं बोललो नाही. तीन म्हणाला तेव्हा तीनच होती. अशी मी मनाची समजूत घातली आणि ती पटलीही. ताप चढलेल्या माणसाला आपण ‘उतरतोय हो’ म्हणतो, तसंच हे. तो दगडावरून उठला, अंग ताणलं, आईला हाक मारून चहा मागितला. मी घड कापत होतो, पण माझं सगळं लक्ष त्याच्या चालीकडे. एवढं समाधान मला दोन नारळांत कधी मिळालं नाही.

मग ते सुरूच राहिलं. तो जे म्हणेल तेवढी बोटं. नाताळापर्यंत तो एकदाही चुकला नाही.

डॉक्टरची तारीख पंधरा दिवसांवर आली होती. सकाळी मी वर चढलो, तो खाली आला. तळहात ठेवला. “दाखव.” मी दाखवली. “तीन.” बरोबर. “दाखव.” “तीन.” बरोबर. “एक.” बरोबर. “पाच.” बरोबर. “तीन.” बरोबर. मी मनात म्हटलं, आज भलताच जोरात आहे.

“खाली ये,” तो म्हणाला.

“अजून दोन घड आहेत.”

“राहू देत. खाली ये.”

खाली आलो. त्याने विचारलं, “पाच वेळा खरी किती होती?”

मी कोयता कमरेला खोचू लागलो.

“माझे दोन्ही डोळे मिटलेले होते, धर्मा. एक हाताखाली आणि दुसरा उघड्यावर. तुला वरून दिसलं नाही, कारण तू बघतच नव्हतास.”

मला वाटलं हात उगारेल. उगारला असता तर बरं झालं असतं. तो फक्त दगडावर बसला आणि म्हणाला, “केव्हापासून?”

“पावसानंतर. दुसऱ्या खेपेपासून.”

तेव्हा त्याने सांगितलं. चार दिवसांपूर्वी विमान उतरवताना धावपट्टीच्या डाव्या कडेला एक माणूस निशाण घेऊन उभा होता. ह्याला तो दिसलाच नाही. शेजारी बसलेल्याने हात धरून सांगितलं म्हणून निभावलं. ह्याला आधी वाटलं ऊन असेल. डोळ्यांचा संशय कसा येणार, डोळे तर दर खेपेला माडावरून पास होत होते.

“मागे वीस-पंचवीस माणसं असतात,” तो म्हणाला. “कोणाच्या मांडीवर पोर असतं. तुझ्या एका ‘बरोबर’वर मी त्या सगळ्यांचे जीव ठेवून उडत होतो.”

“तुला बरं वाटावं म्हनून...”

“ठाऊक आहे.” तो म्हणाला. “अंडं फुटलं आणि तू फडकं बदललंस.”

मी तिसरी शिकलेला माणूस. पण ते वाक्य समजायला शाळा लागत नाही.

त्याची आई दारात येऊन सगळं ऐकत होती. ती म्हणाली, “दुसरा डोळा चांगला आहे ना? देवाने दोन कशाला दिले?” त्याने सांगितलं, नियमाला दोन्ही लागतात. मग मी बोललो, आणि जे बोललो त्याची मला आज लाज वाटते, तरी लिहितो. त्याच्याच तोंडून मी ऐकलं होतं की डॉक्टरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता एकच आहे, वर्षानुवर्षं तोच, आणि अर्ध्या पायलटांना तो पाठ आहे. मी म्हटलं, “तुला पन पाठ असेल. म्हनून ये एकदा. सहा महिने तर मिळतील. तोवर डोळ्यात काय घालायचं ते घालू.”

“पाठ आहे,” तो म्हणाला. “खालच्या ओळीपर्यंत.”

“मग झालं.”

“मालकापुढे उभा राहून चाळणी बारीक ठेवा म्हणणारा मीच ना?”

“ते गेटावरच्यांसाठी. तू आतला आहेस.”

तो उठून घरात गेला. मी रागावलो. मला वाटलं, एवढा शिकून ह्याला पोट कळत नाही. आठ दिवस मी त्याच्या वाडीत पाऊल टाकलं नाही. कुंपण मोडलेलं होतं तरी मी वळसा घालून जायचो.

तारखेच्या दिवशी तो पहाटे गेला आणि दुपारच्या गाडीने परत आला. मी रस्त्यातच होतो. विचारणार नव्हतो, पण तोच थांबला. काय झालं ते त्याने असं सांगितलं, जणू बाजारातून केळ्यांचा भाव घेऊन आलाय.

डॉक्टरने त्याचा उजवा डोळा झाकला आणि म्हणाला, वाचा. हा म्हणाला, “तक्ता बदला. हा मला पाठ आहे.” डॉक्टर म्हातारा, ओळखीचा. तो म्हणाला, वाचा हो कप्तान, सगळे वाचतात. हा म्हणाला, “म्हणूनच बदला.” कपाटात जुना दुसरा तक्ता होता, धूळ खात पडलेला. तो काढून भिंतीवर लावला. ह्याने वरच्या दोन ओळी वाचल्या. तिसरीपाशी थांबला.

“पुढे?” मी विचारलं.

“पुढे धूसर.” एवढं बोलून तो घरी गेला. पायरीवर बूट काढले आणि वाडीत शिरला.

त्याची जागा आठवड्यात भरली. गेटावरच्या पाचांतला एक. नियमाइतके तास उडालेला, डोळे स्वच्छ, बदललेल्या तक्त्यावर पास झालेला. महिन्याभराने तो पोरगा बिस्किटांचा डबा घेऊन उमेळ्याला आला. ज्याच्या खुर्चीवर बसलो त्याला भेटून यावं, असं त्याच्या मनात आलं असेल. चांगल्या घरचा वाटला. मी ओट्याखाली नारळ सोलत होतो, म्हणून सगळं ऐकलं.

कप्तानाने त्याला विमानाबद्दल बरंच विचारलं, कुठलं इंजिन खोकतंय, कुठल्या शहरात धुकं पडतं. मग एकदम म्हणाला, “पगार किती ठरला?”

उभ्या आयुष्यात ह्याने स्वतःचा आकडा कोणाला सांगितला नव्हता. पोरगा लाजला. त्याने आकडा सांगितला.

“मला मिळायचा त्याहून हा बराच कमी आहे.”

“हो सर. मालक म्हणाले, घ्यायचं तर एवढ्यात घ्या. मी म्हटलं, ठीक आहे. उडायला मिळतंय ना.”

“डोळे कसे आहेत?”

“चांगले आहेत सर.”

“तास?”

“पुरे आहेत.”

“मग कमी कशाचे घेतोस?”

पोरगा बिस्किटांच्या डब्याचं झाकण चाचपत बसला. आमच्या जुन्या वादात मी म्हणायचो कोणी येत नाही म्हणून भाव, आणि हा म्हणायचा परीक्षेने भाव. इथे तर परीक्षाही शाबूत होती आणि भाव पडला होता. पोराच्या तोंडावर इतकी हौस होती की त्याला ते दिसतही नव्हतं.

कप्तान आत गेला आणि इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला. आईने विचारलं, “कुठं निघालास?”

“ह्याच्या मालकाकडे.”

“आता तुझं काय राहिलंय तिथं?”

“माझं काही नाही,” तो म्हणाला. “जागेचं आहे.”

तुम्ही विचाराल, काय झालं? मालकाने अर्धं ऐकलं. जितका कापला होता त्यातला निम्मा परत वाढवला. का वाढवला ते मला ठाऊक नाही. कदाचित ज्याला स्वतःसाठी काही मागायचं उरलं नाही अशा माणसाशी घासाघीस कशी करायची, हे त्याला सुचलं नसेल. पुढे सरकारने सगळ्या कंपन्या एकत्र केल्या आणि पगार सरकार ठरवायला लागलं, पण ती नंतरची गोष्ट.

उन्हाळ्यात कप्तान उत्तरेकडे गेला. तिथे विमान शिकवायची शाळा होती. नकाशा, वारा, ढग हे जमिनीवरूनच शिकवायचं, त्याला एक डोळा पुरतो. पगार जेमतेम असावा. पुढच्या वर्षी आईलाही घेऊन गेला. वाडी भाड्याने गेली, मग विकली गेली. दोघंही तिकडेच वारली, तिकडच्याच मातीत आहेत. आमच्या देवळामागे त्याच्या बापाच्या कबरीशेजारी जागा होती, ती दुसऱ्या कोणाला गेली.

मी आता ऐंशीच्या पुढे आहे. माड चढणं कधीच सुटलं. त्याच्याशी मी नीट बोललो असतो, चूक झाली असं एकदा तोंडाने म्हटलं असतं, तर बरं झालं असतं. मी म्हटलं नाही. आमच्याकडे पुरुष तसं बोलत नाहीत, असं मी तेव्हा म्हणायचो.

मला तो दिसतो तो त्या दुपारचा, पोराला घेऊन मालकाकडे निघाला तेव्हाचा. स्टेशनकडे जाणारा बांध दोन माणसांपुरता, डाव्या बाजूला भातशेतीचं पाणी. पोरगा अदबीने मागे राहत होता. कप्तानाने त्याला दंडाला धरून पुढे ओढलं आणि आपल्या डाव्या हाताला घेतलं, जिकडचं त्याला दिसत नव्हतं तिकडे. मग दोघं बोलत बोलत निघाले, कप्तान हातवारे करत काहीतरी आकडा समजावत होता, आणि पोरगा पाण्याच्या कडेकडेने त्याला सांभाळत चालला होता.